वाचनखूण : पुस्तकाकडे परतण्याचा वायदा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, विद्यार्थ्यांच्या ‘टाकाऊ कागदापासून वाचनखूण’ या हस्तकला स्पर्धेचा प्रारंभ करताना माध्यमिक शाळेतील एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



आजच्या या समारंभात शिक्षणाच्या मोठमोठ्या प्रश्नांवर विचार मांडले गेले. नव्या वर्गखोल्या, प्रयोगशाळा, शिष्यवृत्त्या यांची चर्चा झाली. अशा प्रसंगी चार सेंटिमीटर रुंदीच्या कागदाच्या एका पट्टीवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय लहान आहे, हे मला मान्य आहे. परंतु दरवाजा कितीही मोठा असला तरी त्याची किल्ली मुठीत मावते. म्हणून थोडा वेळ आपण या लहान वस्तूकडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

वाचता वाचता आपण थांबतो. कोणी हाक मारते, दिवे जातात, जेवणाची वेळ होते. थांबलो ते पान पुन्हा सापडावे म्हणून पुस्तकात जे ठेवतो, ती वाचनखूण. आपल्या घरांत तिला निशाणी म्हणतात. कुरआन शरीफच्या प्रतीला जिल्दीपासूनच जोडलेली रेशमी फीत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. सकाळी तिलावत जेथे थांबते तेथे ती फीत ठेवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरुवात होते. त्या प्रतीचे पान कोणी दुमडत नाही, त्यावर कोणी पेन ठेवत नाही. हा अदब आपल्या मुलांना कोणी वेगळा शिकवावा लागत नाही. घरात पाहूनच ती शिकतात.

आता हीच मुले शाळेची पुस्तके कशी वापरतात ते पाहा. वर्षाअखेरीस वाचनालयाची परत आलेली पुस्तके तपासण्याचे काम माझ्याकडे असते. त्यांत मला एस.टी.ची तिकिटे सापडतात, आगकाडी सापडते, केसांची पिन सापडते, बिस्किटाच्या पुड्याचा कागद सापडतो. पिनेचा गंज पानावर उतरलेला असतो. बिस्किटाच्या कागदाचा तेलकट डाग पाच-पाच पानांत मुरलेला असतो. काही पुस्तकांची तर पानोपानी कोपऱ्याला घडी असते. कागद तंतूंचा बनलेला असतो. घडी घातली की तेथले तंतू मोडतात. दोन-चार वाचकांनी तोच कोपरा दुमडला की तो गळून हातात येतो. वाचनालयाचे पुस्तक आपल्यानंतर आणखी कोणाला तरी वाचायचे आहे, ही जाणीव त्या एका घडीत मोडते.

मोरपीस आणि पिंपळाचे पान यांची गोष्ट निराळी. वहीत ठेवलेले पिंपळपान हळूहळू जाळीदार होते आणि मोरपिसाला पिल्ले होतात, असे म्हणत म्हणत महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या शाळा शिकल्या. त्या खुणांत प्रेम आहे. फक्त पान ओले असताना ठेवू नका. त्याचा डाग पुस्तकाला कायमचा राहतो.

मित्रहो, कागद या वस्तूशी आपले नाते फार जुने आहे. मराठी बोलताना आपण कागद म्हणतो, शाई म्हणतो, कलम, दौत, जिल्द, दप्तर म्हणतो. हे शब्द फारसी आणि अरबी भाषांतून दख्खनमध्ये आले, आणि आज खेड्यातला मुलगासुद्धा रोज दप्तर घेऊनच शाळेत जातो. कागद बनवण्याची कला चीनमध्ये जन्मली. तेथून ती समरकंदला आली आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. तेथे हस्तलिखितांच्या नकला करणारे, कागद व ग्रंथ विकणारे ‘वर्राक’ नावाचे लोक होते, आणि त्यांचा स्वतंत्र बाजार भरत असे. कागद सुलभ झाला म्हणून ग्रंथ वाढले, आणि ग्रंथ वाढले म्हणून विद्या पसरली.

आपल्या महाराष्ट्रात दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली, त्या काळाशी तेथल्या कागद बनवण्याच्या कलेचा संबंध जोडला जातो. चिंध्या कुटायच्या, त्यांचा लगदा पाण्यात मिसळायचा, चाळणीसारख्या साच्यावर एकेक ताव उचलायचा, तो वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, असे ते कष्टाचे काम. जुन्नरचा कागदही एके काळी प्रसिद्ध होता. सतराव्या शतकात विजापुराकडे अबरी कागद होत असे. ‘अब्र’ म्हणजे ढग. पाण्यावर रंग पसरून त्यावर कागद टेकवला की ढगांसारखी नक्षी उठते, म्हणून तो अबरी. या कारागिरांपैकी फार थोड्यांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांच्या हातचा कागद शेकडो वर्षे टिकला. कागदाला हात लावणे हे हलके काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणखी एक आठवण देणे माझे कर्तव्य आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार महात्मा गांधींनी तेथे मांडला. त्याचा अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसैन. पुढे १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. पुस्तकी शिक्षण आणि हातांचे शिक्षण यांत वैर नाही, हे इतक्या मोठ्या विद्वानाने सांगितले होते. तरीही आज हस्तकलेचा तास म्हणजे मोकळा तास, अशी समजूत पालकांची आहे, विद्यार्थ्यांची आहे, आणि आम्हा शिक्षकांपैकीही काहींची आहे. परीक्षा जवळ आली की पहिला तास जातो तो याच विषयाचा.

तेव्हा एक वाचनखूण बनवताना मुलाच्या डोक्यात काय काय चालते, ते मी आता सांगतो. विद्यार्थ्यांनी कृती लक्षपूर्वक ऐकावी, कारण स्पर्धा याचीच आहे.

साहित्य घरातलेच. जुनी लग्नपत्रिका, रंगीत घोटीव कागदाचे उरलेले तुकडे, पतंगाचा कागद, कात्री, पट्टी, पेन्सिल आणि शिवणकामातून उरलेला रेशमी दोरा. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ. एक चमचा मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावा, मग मंद आचेवर ढवळत शिजवावा. खळ पातळ असावी आणि त्याच दिवशी वापरावी. जाड थर राहिला तर पुस्तकाला कसर लागते, कारण त्या किडीला खळ फार आवडते. लहान मुलांनी खळ मोठ्यांच्या देखरेखीखालीच शिजवावी.

पहिले काम, कागदाची नस ओळखणे. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एका दिशेने पडलेले असतात. पत्रिकेचा कागद हलक्या हाताने एकदा आडवा आणि एकदा उभा वळवून पाहा. एका बाजूने तो सहज नळीसारखा वळतो, दुसऱ्या बाजूने विरोध करतो. सहज वळलेल्या नळीची जी लांबी, तीच तंतूंची दिशा. वाचनखुणेची लांबी त्याच दिशेने धरावी, म्हणजे ती ताठ राहते. हातकागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात, म्हणून त्याला अशी ठळक नस नसते. ही परीक्षा पुस्तकातून शिकता येत नाही. ती बोटांनाच कळते.

आता पत्रिकेतून १५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. त्याच मापाचा रंगीत कागद घ्या. तो आडवा मधोमध दुमडा, म्हणजे साडेसात सेंटिमीटरची दुहेरी घडी होईल. घडीच्या बाजूने आत एकेक सेंटिमीटर अंतरावर तीन सरळ काप द्या, पण टोकाशी १ सेंटिमीटर जागा अखंड सोडा. कागद उलगडला की १३ सेंटिमीटर लांबीचे चार उभे पट्टे तयार होतात. हा झाला ताणा. दुसऱ्या दोन रंगांच्या कागदातून १ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. हा झाला बाणा. पहिली पट्टी एका पट्ट्यावरून, दुसऱ्याखालून, अशी घाला. पुढची पट्टी नेमकी उलट. चटईची वीण तयार होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे ज्यांच्या घरी माग चालले, त्यांना हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत. कापड विणण्याचे मूळ तत्त्व हेच आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. १३ सेंटिमीटर जागेत १ सेंटिमीटरच्या किती पट्ट्या बसतील? मुले पटकन तेरा सांगतात. प्रत्यक्ष विणायला बसले की बहुधा बाराच बसतात. असे का? कारण कागदाला जाडी आहे. वरखाली जाताना प्रत्येक पट्टी थोडी जागा खाते. गणितातली रेषा बिनजाडीची असते, हातातला कागद तसा नसतो. ज्या मुलाने हे स्वतः अनुभवले, त्याला पुढे मोजमाप हा विषय कोरडा वाटत नाही.

वीण पूर्ण झाली की पत्रिकेच्या पट्टीवर खळ अगदी पातळ लावून ती चिकटवा आणि बाजूंना आलेली टोके समान कापा. एका बाजूला ओला कागद चिकटवला की तो फुगतो, वाळताना आखडतो आणि पट्टीला बाक येतो. त्यावर उपाय म्हणजे पाठीमागेही त्याच मापाचा एक साधा कागद चिकटवावा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पट्टी सरळ राहते. वर-खाली कोरे कागद घालून ती रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. पतंगाचा आणि क्रेपचा कागद ओला झाला की रंग सोडतो, हेही ध्यानात असू द्या.

पाठीमागच्या कोऱ्या जागेवर एक तारा चिकटवू या. पतंगाच्या कागदाचा ३ सेंटिमीटरचा चौरस घ्या. अर्धा, पुन्हा अर्धा, आणि मग मध्यबिंदू धरून कोनाची तिसरी घडी घाला. आता तिरका काप दिला तर चार टोकांची चांदणी मिळते. त्याऐवजी मध्यबिंदूशी चौथी घडी घालून मग तिरके कापले, तर आठ टोकांचा तारा उमलतो. तिसऱ्या घडीला मध्यावरचा कोन ४५ अंशांचा असतो, चौथ्या घडीला साडेबावीस. दगडी जाळ्यांत आणि मशिदींच्या नक्षीत आपण जे अष्टकोनी तारे पाहतो, त्यांच्या मुळाशी हेच कोनांचे गणित आहे. शेवटी वरच्या टोकाला भोक पाडून रेशमी दोऱ्याचा गोंडा ओवा. गोंडा पुस्तकाबाहेर राहील असा ठेवा. पट्टी जाड झाली तर पुस्तकाची शिवण ताणली जाते. म्हणून मणी, टिकल्या, चमकी यांचा मोह टाळा. वाचनखूण नटवायची आहे, पण पुस्तक मोडायचे नाही.

आता मला पालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आदल्या रात्री मूल झोपी गेल्यावर अम्मी वस्तू पूर्ण करते, अब्बा बाजारातून तयार वस्तू आणतात, आणि सकाळी मुलाच्या नावाने ती प्रदर्शनात मांडली जाते. हेतू वाईट नसतो. आपले मूल मागे पडू नये, एवढेच त्यामागे असते. परंतु त्याचा परिणाम काय होतो? ज्या मुलाने स्वतःच्या हाताने वाकडीतिकडी वस्तू केली, ते शेजारची सुबक वस्तू पाहून आपली वस्तू पाठीमागे लपवते. आणि ज्याच्या नावाने बक्षीस लागते, त्याला ठाऊक असते की बक्षीस आपले नाही. एका वस्तूने दोन मुलांचे नुकसान होते. खोट्या यशाची सवय लहानपणी लागली, की पुढे परीक्षेच्या खोलीत तिचे काय रूप होते ते मी आपल्याला सांगायला नको.

म्हणून माझी विनंती आहे की मुलाजवळ बसा, पण हात मागे बांधून बसा. काप चुकला तर चुकू द्या. कागद वाया गेला तर जाऊ द्या, तो टाकाऊच होता. शक्य असेल तर त्याच वेळी आपणही एक पुस्तक हातात घ्या. ‘वाच, वाच’ असे मोबाईल पाहत पाहत सांगणाऱ्या बापाचे मूल वाचत नाही, मोबाईलच पाहते.

दुसरी गोष्ट जरा जड मनाने सांगतो. काही वर्षांपूर्वी सातवीतील एका विद्यार्थिनीने अशीच एक वाचनखूण केली होती. हिरवा आणि नारिंगी रंग, वीण अतिशय नीटस. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी वाचनालयातून तिने एक कादंबरी नेली. जूनमध्ये पुस्तक परत आले ते तिच्या धाकट्या भावाच्या हाती. ती स्वतः आली नाही. आत्याकडे लहान मुले सांभाळायला माणूस हवे, म्हणून तिची शाळा बंद झाली होती. पुस्तकात वाचनखूण तशीच होती, एक्केचाळिसाव्या पानावर. तिच्या घरी मी जाऊन बोललो. वडील सज्जन, कष्टाळू माणूस. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, मुलीने वाचायला लिहायला शिकले, आता पुरे नाही का?” मी ते पुस्तक भावाच्या नावावर पुन्हा नोंदवून त्याच घरी पाठवले, आणि निशाणी हलवू नकोस असे त्याला बजावले.

पुढे तीन वर्षांनी १७ नंबरचा फॉर्म भरून ती मुलगी बाहेरून दहावीला बसली आणि पास झाली. तिचे वडीलच फॉर्मची चौकशी करायला शाळेत आले होते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ज्यांची शाळा सुटली त्यांना दहावीला बसण्याची ही वाट आहे, हे अद्याप पुष्कळ घरांना माहीत नाही. कोणाच्या घरी, शेजारी, नात्यात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर शाळेत येऊन विचारा. फॉर्म भरण्यास आम्ही मदत करू.

मात्र प्रत्येक घरात गोष्ट इतकी बरी संपत नाही. कित्येक मुलींची निशाणी सातवीच्या पानावर राहते, कित्येक मुलांची नववीच्या, आणि मग गॅरेज किंवा दुकान त्यांना पुस्तकापासून दूर नेते. घरची ओढाताण मी जाणतो, तिच्यावर टीका करण्याचा मला अधिकार नाही. मी एवढेच म्हणतो, की शिक्षण थांबवावे लागले तर ते निशाणी ठेवून थांबवा, पुस्तक मिटून टाकू नका. निशाणी ठेवली म्हणजे परतण्याचा वायदा केला. आणि वायदा पाळणे ही आपल्या घरांतली रीत आहे.

विद्यार्थी मित्रहो, आता स्पर्धेचे नियम ऐका.

पहिला नियम, एकही पैसा खर्च करायचा नाही. विकत आणलेला कागद किंवा तयार नक्षी दिसली तर वस्तू स्पर्धेतून बाद होईल.

दुसरा नियम, वस्तू घरून आणायची नाही. सराव घरी हवा तितका करा. स्पर्धेची खूण वर्गातच, लागोपाठच्या दोन तासिकांत, शिक्षकांसमोर करायची आहे. दाबून ठेवण्यासाठी ती एक रात्र शाळेतच राहील.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. रिकामी वाचनखूण स्वीकारली जाणार नाही. ती एखाद्या पुस्तकात ठेवूनच द्यायची. खुणेच्या पाठीमागे ताऱ्याखाली आपले नाव, पुस्तकाचे नाव आणि वाचन सुरू केल्याची तारीख लिहायची. पुस्तक उर्दू असो, मराठी, हिंदी वा इंग्रजी असो, पाठ्यपुस्तक मात्र नको. महिन्याने आम्ही विचारू, की निशाणी किती पाने पुढे गेली आणि त्या पानांत काय होते. गुणांपैकी निम्मे गुण वस्तूला आणि निम्मे या उत्तराला. वीण थोडी वाकडी असली पण पुस्तक पूर्ण झाले, तर असा विद्यार्थी बक्षिसाला मुकणार नाही.

स्पर्धेनंतर प्रत्येकाने दुसरी एक वाचनखूण करून वाचनालयाला द्यावी. पुस्तक घरी नेणाऱ्या प्रत्येक वाचकाला ती पुस्तकाबरोबर मिळेल. आज शाळेत जितके विद्यार्थी आहेत तितक्या खुणा जमल्या, तर वाचनालयातल्या पुस्तकांचे कोपरे वाचतील. आणि तुम्ही शाळा सोडून गेल्यानंतरही तुमच्या हातची एक वस्तू तुमच्यामागून येणाऱ्या कोणाला तरी त्याचे पान दाखवीत राहील.

 स्पर्धेचा प्रारंभ झाला, असे अध्यक्षांच्या परवानगीने जाहीर करतो आणि माझे भाषण संपवतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.